दादासारखा दुसरा

डाव्या हाताला सहा बोटं असलेल्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या दादाला असा आजार झाला, की डॉक्टरांनीही हात टेकले. दादाचं मात्र एकच टुमणं, "तू विद्यापीठात शिकवतेस ना? मग शोध की! एवढ्या मोठ्या जगात माझ्यासारखा दुसरा कोणीतरी असेलच."

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले सगळे डेटाबेस मी पालथे घातले. काही म्हणता काही मिळेना. आज ग्रंथपालबाईंनी शोधायचे शब्द बदलून दिले आणि एक शोधनिबंध समोर आला. मी तिथूनच दादाला फोन लावला, "दादा, सापडला रे एक!"

बोलता बोलता निबंध उघडला. त्यात एकाच पेशंटची माहिती होती. डाव्या हाताला सहावं बोट, व्यवसाय घड्याळदुरुस्ती. खाली नाव आमच्याच डॉक्टरांचं.



"अगं, पुढे सांग ना! जगला ना तो?"