टक् झालं की थांबायचं

एसीच्या तांब्याच्या पाइपचा नट म्हाताऱ्या मिस्त्रींनी आवळत आणला आणि मापाच्या पान्यानं, ठरलेला जोर लागताच, टक् केल्याबरोबर हात थांबवला.

"बस्स, एवढंच? वय झालं मिस्त्री तुमचं!" घरमालक हसले.

"जास्त पिळलं तर पाइपचं तोंड चिरतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्याच सांध्यातून सगळा गॅस निघून गेला होता. घरमालकांनी थेट मिस्त्रींच्या दुकानाच्या शेठना बोलावलं; ते मिस्त्रींना घेऊनच आले.

"मिस्त्री, उद्यापासून घरी बसा," शेठ म्हणाले.

मिस्त्रींनी मान खाली घातली नाही. ते स्टुलावर चढले आणि सांध्यावर गुंडाळलेली पट्टी सोडली.



"काम झालं की नट आणि सांधा, दोन्हींवरून मी एक सरळ लाल रेघ ओढतो, शेठ. ती आता मोडलीये, नटावरचा तुकडा पुढं सरकलाय. नटाला पाय कसे फुटले, ते ह्या साहेबांना विचारा."