दुहेरी शिलाई

आमच्या समुद्राकाठच्या लहानशा विमानतळाला टॉवर नाही. खांबावर एक लांबलचक कापडी मोजा लावलाय, वैमानिक वरून तोच बघतात. मोजा ताठ आडवा झाला तर वारा जोराचा, लोंबत असला तर बेताचा. खारं वारं लागून तो दर दोन महिन्यांनी फाटायचा आणि मी रखवालदार म्हणून बोलणी खायचो. शेवटी वैतागून शिवणवाल्या मावशींकडे गेलो.

"मावशी, यंदा असा शिवा की पुन्हा तुमच्या दारात यायला नको."

"ताडपत्रीचा शिवते, दुहेरी शिलाई मारून. तू म्हातारा होशील, पण हा फाटायचा नाही!"

आज सकाळी वारा असा सुटला, की मला धड उभं राहवेना. तेवढ्यात एक छोटं विमान उतरायला आलं. मी वर पाहिलं. मोजा लोंबत होता. एवढा वारा, पण ती जड ताडपत्री त्याला उचलवत नव्हती. दोन्ही हात हलवत, बोंबलत मी धावपट्टीकडे पळालो. माझा आवाज मलाच ऐकू येईना. वाऱ्यानं विमानाचा एक पंख अलगद उचलला आणि ते उलटं होऊन आदळलं.

वैमानिकाला चादरीनं झाकूनच बाहेर नेलं.

आवाज ऐकून मावशी धापा टाकत फाटकाशी आल्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "खरं सांग रे, मोजा फाटला का माझा?"

"नाही मावशी. एक टाकासुद्धा उसवला नाही."