दोन बोटांचं अंतर

“आई, हळू! बरगडी आहे ती, कणीक नाही!”

आईने चकती आणखी दाबली. चकतीवरचा दिवा लालच.

मुलीच्या कातडीखाली नखाएवढं यंत्र होतं. झोपेत तिचा श्वास अडला की ते धक्का देऊन तो परत सुरू करायचं. त्याला वायर जोडायची सोयच नव्हती. रोज संध्याकाळी तासभर चकती वरून धरली की कातडीतून वीज पोचून आतल्या आत त्याचं पोट भरायचं.

दवाखान्यातून आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी मुलीची कातडी चिमट्यात धरून मोजली.

“चकती ठणठणीत आहे. यंत्रही. मध्ये मांस वाढलंय. दोन बोटांपलीकडे वीज पोचत नाही.”

“म्हणजे मी जाडी झाले?” मुलगी उडालीच. “आत्या, ऐकलंस? खराटा म्हणायचीस ना मला!”

भात वाढता वाढता आत्या खो खो हसली. आईसुद्धा. यंत्र बसल्यापासून पोरगी रात्रभर झोपायची, सकाळी भूक भूक करत उठायची. जन्मात पहिल्यांदा अन्न अंगी लागलं होतं.

“मग ते जरा वर बसवून द्या,” आई म्हणाली.

“पुन्हा भूल द्यायची?” बाईंनी पेटी मिटली. “मागच्या वेळी तीन दिवस शुद्धीवर आली नव्हती. विसरलात?”

आईने चकती पुन्हा बरगडीवर दाबली.

“दाबून धरलंत तर थोडी थोडी वीज जाईल. महिनाभर निभेल. तेवढ्यात पाच किलो उतरवा.”

बाई गेल्या. टेबलावर भाताचा डोंगर वाफाळत होता. याच पोरीमागे आई वाटी घेऊन घरभर धावली होती, बारा वर्षं. आता तिचा एक हात चकतीवर होता. दुसरा ताटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ताट काही तिला दूर सरकवता येईना.

मुलीने आईकडे पाहिलं. मग स्वतःच डाव उचलला आणि ताटातला भात पातेल्यात परत टाकला.

“हा घास चिऊचा.”

आणखी एक डाव. “हा काऊचा.”

आत्या हसायला गेली. मग तिने पातेलं मुलीजवळ सरकवलं.

ताटात दोन घास उरले. मुलीने डाव नाकाजवळ नेला, वास घेतला, आणि तेही परत टाकले.

“आणि हा आईचा.”

तिचं पोट गुरगुरलं. आईच्या तळव्याला ते चकतीतून कळलं. तिने हात काढला नाही.