ढग बघण्याची सक्ती

दुपारी तीन वाजता मापकाने शाल्मली देवस्थळीला खिडकीपाशी पाठवले. मापक ही कंपनीतल्या प्रत्येक प्रोग्रामरचे काम मोजणारी यंत्रणा होती. तंद्री लावून ढग बघितल्यावर शाल्मलीच्या कोडमध्ये एकही चूक राहत नाही, हे मापकानेच हेरले होते. तेव्हापासून सगळ्या टीमला रोज ढग बघणे सक्तीचे झाले.

"आटप गं, माझा ढगांचा कोटा राहिलाय," शेजारचा इर्शाद म्हणाला. "तुझ्यापायी माना आखडल्या आमच्या!"

"मला तरी कुठे काय दिसतंय? नुसते ढग दिसतात."

इर्शाद हसला. तिला हसू आले नाही. पूर्वी ढगांत तिला वाटा दिसत, आणि त्यांवरून चालता चालता प्रोग्राम आपसूक उलगडत जाई. मोजणी सुरू झाली आणि वाटा मिटल्या. आजही तंद्री लागली नाही, तर पाच वर्षे वाढवलेला तिचा प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

एक पांढरा ढग सावकाश खाली आला आणि काचेला टेकला. त्याला पायऱ्या होत्या.

साडेतीनला मापकाने शाल्मलीची तंद्री लागल्याची नोंद केली. खिडकी बंदच होती, खुर्ची रिकामी होती, आणि इर्शाद काचेला नाक लावून आभाळात तिला शोधत होता.