आईच्या आवाजात

सुमली लेकाला, रायसिंगला, न्यायला पाळणाघराच्या दारात पोचली, तेवढ्यात आत त्याच्या हातून दूध सांडलं.

"शी! गलिच्छ कार्टं! हो कोपऱ्यात उभा!" बाई मराठीत खेकसल्या.

लगेच त्याच्या गळ्यातल्या भाषांतर-यंत्राच्या मण्याने तेच त्यांच्या घरच्या पावरी बोलीत ऐकवलं, हुबेहूब सुमलीच्या आवाजात. प्रवेशाच्या दिवशी तिनेच हौसेने अंगाई गाऊन तो आवाज यंत्रात भरून दिला होता.

"परक्या भाषेला पोरं बुजतात ना, म्हणून ही सोय," तिला पाहताच बाई गोड हसल्या.

 सुमलीला स्वतःच्या आवाजाचीसुद्धा किळस आली. तिने आत जाऊन त्याच्या गळ्यातला मणी हिसडून तोडला, भिरकावला आणि हात पसरून लेकाला हाक मारली, "रायसिंग!"

हाक ऐकताच तो निमूटपणे कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.