एकेचाळीस शब्द

"एकेचाळीस!" मनीषने वही टेबलावर ठेवली. "बाबा, एकेचाळीस शब्द! दिवाळीआधी आई नवावर अडकली होती."

जनार्दनरावांनी बॅगेची चेन ओढली आणि मान खाली घातली. खरं तर तेव्हाही नऊ नव्हते, चारच होते. पाच त्यांनी आपल्या हाताने घातले होते. एकदा सुरू केलं आणि मग थांबवायचं कसं, तेच त्यांना कळेना.

व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेला, शारदाबाईंच्या विसरत चाललेल्या डोक्यासाठी. रोज सात इंग्रजी अक्षरं द्यायची आणि त्यांतून होतील तेवढे शब्द लिहायला लावायचे. शारदाबाईंनी अंबाजोगाईत तीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतलेल्या. ज्यात डोकं मुरलंय तेच द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मनीष सकाळी अक्षरं लिहून ऑफिसला जायचा, संध्याकाळी येऊन शब्द मोजायचा आणि आकडा डॉक्टरांना कळवायचा. पोराला वाटे, आई सुधारतेय. कसली सुधारतेय! ती बिचारी सकाळभर वहीसमोर बसून पेन्सिल चावायची. दुपारी ती झोपली की जनार्दनराव डिक्शनरी काढायचे, आणि तिच्यासारखं तिरकं अक्षर काढत पान भरायचे. सूनबाईंनी एकदा स्वच्छ सांगितलं होतं, आईंचं असंच चाललं तर वाकडला अशा रुग्णांचं एक केंद्र आहे, तिथे ठेवावं लागेल. जुईली काही वाईट नव्हती. घरात तीन वर्षांचा अमोघ, दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीत; तिने तरी काय करावं? पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला परक्यांच्या हवाली करायचं म्हटलं की जनार्दनराव पुन्हा डिक्शनरी उघडायचे.

"मग ठरलं," मनीष म्हणाला. "अमोघला सांभाळणाऱ्या रंभाबाई चार दिवस नेऱ्याला लेकीकडे गेल्यात, तर तो माझ्या आईजवळ राहील. तुम्ही निवांत जाऊन या."

नोव्हेंबर संपत आला होता. अंबाजोगाईच्या बँकेत स्वतः उभं राहून हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन बंद. जाणं भागच होतं.

"मी तिलाच घेऊन जातो," जनार्दनराव म्हणाले.

"एसटीत नऊ तास? डॉक्टर म्हणालेत, घर बदलू नका."

"मग अमोघला दोन दिवस पाळणाघरात..."

"कशाला, बाबा? एकेचाळीस शब्द लिहिणाऱ्या बाईला नातू सांभाळता येणार नाही?" मनीष हसला. किती दिवसांनी हसला होता!

जनार्दनरावांना परवाची दुपार आठवली. शारदाबाईंनी गॅसचं बटण फिरवलं होतं आणि काडी न ओढताच गॅलरीत जाऊन रस्त्यावरचे टेम्पो मोजत बसल्या होत्या. ते वासाने धावत गेले म्हणून बरं. तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगावं तर शारदा जाते, आणि न सांगावं तर... छे, पुढचा विचारच करवेना.

खालून हॉर्न वाजला. घरमालकांचा मुलगा विश्राम सहा आसनी रिक्षा घेऊन उभा होता. "काका, येताय न्हवं? शिवाजीनगरची गाडी चुकली तर मला बोलायचं न्हाई हां!"

"आलो रे," असं म्हणून जनार्दनरावांनी बॅग उचलली. लेकाच्या तोंडाकडे पाहण्याची हिंमत त्यांना झाली नाही.

शारदाबाई सोफ्यावर होत्या, अमोघ मांडीवर. त्यांनी टेबलावरची वही ओढून घेतली आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. महिन्याभरात दिसली नव्हती अशी एक आठी त्यांच्या कपाळावर उमटली.

"लाल पेन द्या बघू."

जुईलीने कौतुकाने दिलं. शारदाबाईंनी पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली आणि वही थेट जनार्दनरावांपुढे धरली.

"तुमचा का हो मुलगा? यानं कॉपी केलीय."

"आई, ते तूच..." मनीष बोलू लागला.

"मध्ये बोलू नकोस. हे बघा. आधी सगळे ए-चे शब्द, ते संपले की ई-चे, मग एल-चे. डोक्यातनं शब्द असे रांगेनं येतात होय? आठवेल तसे येतात, उलटेसुलटे. हे डिक्शनरी समोर ठेवून उतरवलंय."

बत्तीस वर्षं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये दप्तरं अक्षरवार लावणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. मनीषने वही घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर मागे जात दिवाळीच्या आधीपर्यंत पोचला.

"बाबा?"

"माझंच आहे सगळं," जनार्दनराव म्हणाले. "दिवाळीनंतर तिचा त्यात एकही शब्द नाही. आणि परवा तिने गॅस उघडा टाकला होता."

जुईली पुढे झाली आणि तिने अमोघला उचलून घेतलं. पोर रडायला लागलं, आजीकडे हात करायला लागलं. मनीषने वही बंद केली, खिशातून मोबाइल काढला आणि वाकडचा नंबर शोधत गॅलरीत गेला. खाली विश्राम हॉर्नवर हॉर्न देत होता.

जनार्दनराव बॅग हातात धरून तसेच उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून शारदाबाईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि शिकवणीला आलेल्या पालकाला बाकावर बसवावं तसं सोफ्यावर बसवलं.

"घरी गेल्यावर मारू नका हं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं भीतीपोटी करतात असं."