बुधवारच्या काकू

दहा वाजून बारा मिनिटांनी दोन नंबरचा दिवा लागला आणि ताईंनी फोन उचलला. पलीकडून एक पुरुष म्हणाला, "ते वर्णन माझं आहे."

ताईंनी सवयीने कागदावर वेळ लिहिली. मग विचारलं, "कुठलं वर्णन?"

"बुधवारी त्या बाई सांगतात ते."

ताईंचं पेन थांबलं.

'तुमचा फोन, आमचा कान' हा कार्यक्रम रेडिओवर रोज सकाळी दहा ते अकरा लागायचा, गेली सव्वीस वर्षं. त्यातली बावीस वर्षं फोन ताईंनीच घेतले होते. लोक कशासाठीही फोन करायचे. नळाला पाणी नाही, सून बोलत नाही, गुडघे धरलेत, शेजारचं कुत्रं झोपू देत नाही. चक्रम कोण आणि खरा अडलेला कोण, हे ताई दोन वाक्यांत ओळखायच्या आणि काचेपलीकडच्या निवेदकाला फोन जोडून द्यायच्या. निवेदकाचा आवाज मधाळ होता. त्याची बायको म्हणायची, घरी येईपर्यंत मध संपलेला असतो.

ताईंचे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले. नवव्या दिवशी त्या कामावर हजर. घरी बसून भिंतींशी काय बोलू, म्हणाल्या. तेव्हापासून कानात सगळं शिरत होतं, पण आत काही उतरत नव्हतं. कोणी फोनवर हुंदके दिले की त्या "पाणी प्या, मग बोला" म्हणायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. धाकट्या जावेनं, एकदा रडून मोकळ्या व्हा, असं दहादा सांगून पाहिलं. रडू काय मागवून येतं?

आणि बुधवारच्या काकू. त्या सतरा वर्षं फोन करत होत्या, दर बुधवारी, न चुकता. बोलणं मोजून एका मिनिटाचं. उंच, सडपातळ, वय तेव्हा एकोणीस-वीस. डाव्या भुवईच्या मधोमध आडवी खूण. चालताना उजवा पाय किंचित ओढतो. गेला तेव्हा अंगात राखाडी स्वेटर होता. मग त्यांचा आवाज जरा खाली यायचा. "बाळा, असशील तिथून ये. कोणी रागावणार नाही."

सुरुवातीला ताईंनी नाव विचारलं होतं. काकू म्हणाल्या, नावाला काय धरून बसायचं, माणूस नाव बदलू शकतो, भुवई थोडीच बदलतो? फोटो मागितला तर म्हणाल्या, नाही. ताईंना आता ते खटकत नव्हतं. त्यांनी स्वतः यजमानांचे फोटो कपाटात पालथे घालून ठेवले होते. निवेदक मात्र दर वेळी "ही एका आईची हाक आहे" म्हणायचा आणि गावभर लोक डोळे पुसायचे.

खोटे फोनही येऊन गेले होते. म्हणून ताईंनी त्या माणसाला खोदून विचारलं. खूण कशाची? लहानपणी पत्र्याचा कोपरा लागला, म्हणाला. आणि स्वेटर?

"होता. कोपराला उसवलेला."

उसवलेल्या कोपराचं काकू रेडिओवर कधीच बोलल्या नव्हत्या. फोन जोडायच्या आधी, फक्त ताईंना, एकदाच सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्ही काकूंचे चिरंजीव."

त्याच्या मागे कुठेतरी लाकूड कापायची करवत चालू होती. "त्या बोलावतायत," तो म्हणाला. "मी येतो." आणि मग, "एक विचारू? त्या खरंच रागावलेल्या नाहीत?"

"सतरा वर्षं तेच सांगतायत."

"माहितीये. सतरा वर्षं ऐकतोय."

त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा नियम मोडला. फोन निवेदकाला जोडला नाही, कोणाच्या कानावरही घातलं नाही. आपल्या हातून एक तरी गोष्ट धड व्हावी, तीही गाजावाजा न होता, एवढंच त्यांच्या मनात होतं. बुधवारी कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांच्या खोलीत दोघांची भेट ठरवली. काकूंना कळवलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की भुवईचं नक्की ना.

काकू अर्धा तास आधी आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. ताईंनी आणलेल्या चहावर साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

तो आला तेव्हा आधी बोळातून पाय ओढल्याचा आवाज आला. दारात उभा राहिला तो चाळिशीकडे झुकलेला, कानशिलांवर पिकलेला माणूस. नजर जमिनीवर. काकू उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि हात उंचावून त्याच्या भुवईवरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. एकदा, सावकाश, आणि परत एकदा.

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चार महिन्यांचं. त्यांनी ते पुसलं नाही. मायलेकरांच्या मध्ये आपण कशाला, म्हणून त्या दाराकडे वळल्या.

"थांबा, ताई," काकू म्हणाल्या. "कोणीतरी ऐकायला हवं."

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि बुधवारच्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस बाळा, मी रागावणार नाही. फक्त एवढं सांग, माझ्या मुलाला तू कुठे पुरलंस?"